पडद्याचा मोतीबिंदु

एका वाचकभगिनींनीं पत्रानें विचारलें आहे कीं, घरांतील जुन्या संगणकावर मुलानें लिनक्स घातल्यापासून पडद्यावरील अक्षरें फुगलेलीं व पुसट दिसूं लागलीं आहेत. ग्राफिक्स कार्ड म्हातारें झालें, तें टाकून नवें आणावें, असें घरांत सर्वांचें मत पडलें आहे. तर तें खरोखरच टाकावें काय? पत्र वाचून आम्हांस हसूं आलें आणि थोडी लाजही वाटली. कारण हेंच दुखणें सन २०२२ च्या पावसाळ्यांत आमच्या घरीं येऊन गेलें, आणि त्या वेळीं आमच्या हातून जो मूर्खपणा घडला तो आम्हीं आजवर घराबाहेर कोणास सांगितलेला नाहीं. भगिनींच्या कार्डाचा जीव वांचत असेल तर आतां सांगावयास हरकत नाहीं.

आमच्या माजघरांतील संगणक सन २०११ मधला. त्यांत रेडिऑन एचडी ५४५० नांवाचें कार्ड आहे. हें कार्ड फेब्रुवारी २०१० मध्यें बाजारांत आलें. संगणकाचा मेंदू जे आंकडे काढतो त्यांचें चित्र करून पडद्याकडे धाडणें हें ह्या कार्डाचें काम. स्वभावानें गरीब, पुऱ्या जोरावर असलें तरी सुमारें १९ वॅट वीज खातें, आणि आमच्या कार्डावर तर पंखासुद्धां नाहीं, उष्णता जाण्यासाठीं नुसत्या धातूच्या पट्ट्या आहेत. आजच्या मुलांचे खेळ त्याला झेपणार नाहींत. पण वाचणें, लिहिणें आणि लेकीसुनांशीं चित्रासह बोलणें एवढ्यास तें पुरून उरतें.

ह्या संगणकावर पूर्वीं विंडोज ७ होतें. त्याची डागडुजी जानेवारी २०२० मध्यें कायमची थांबली. त्यानंतरही आम्ही तेंच वापरीत होतों, म्हणून चिरंजीव पुतण्या अस्वस्थ असे. तो पुण्यास नोकरीस असतो व रविवारीं वाईस येतो. आषाढांतल्या एका रविवारीं त्यानें डेबियनची ११ वी आवृत्ति घातली. लिनक्स हा गाभा. त्याभोंवतीं सर्व उपयुक्त सामान जमवून जी वाटणी होते तिचे अनेक संप्रदाय आहेत, त्यांपैकीं डेबियन हा जुना व कडक सोंवळ्याचा. सन १९९३ मध्यें इयान मर्डॉक ह्या तरुणानें तो सुरू केला आणि नांवांत आपल्या प्रेयसीचें डेब्रा हें नांव आधीं घालून मागें स्वतःचें जोडलें. आम्हांस हा द्वंद्वसमास फार आवडला. व्याकरणांतही अभ्यर्हिताचें नांव आधीं येतें.

असो. प्रतिष्ठापना निर्विघ्न झाली. संगणक पुन्हां सुरू केला, पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी सरकल्या, आणि पडदा काळा झाला. दिवा जळतो आहे, आंतला पंखा फिरतो आहे, पण पडद्यावर कांहीं नाहीं. पुतण्यास पहाटेची गाडी गांठावयाची होती. त्यानें एका स्नेह्यास फोन केला. स्नेही म्हणाले, सुरुवातीला ग्रबची यादी येते तेथें ‘ई’ दाबा. लिनक्स ह्या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं ‘नोमोडसेट’ एवढा एक शब्द लिहा. मग कंट्रोल आणि एक्स दाबा. तसें करतांच चित्र आलें! मंडळींनीं देवापुढें साखर ठेवली.

आतां आमचा पराक्रम ऐका. स्नेह्यांनीं सांगितलेला उपाय त्या एका खेपेपुरता होता. आम्ही पुतण्यास म्हणालों, “अरे, रोज रोज हा शब्द कोण टंकीत बसणार? कायमचाच घालून ठेव.” त्यानें “काका, आधीं कारण पाहूं या” असें म्हणून पाहिलें, पण घड्याळ त्याच्या विरुद्ध होतें आणि काका वडीलधारे. शब्द कायमचा घातला गेला. पहाटे तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून अक्षरें जाड व ओबडधोबड दिसूं लागलीं. खिडकी एका बाजूनें दुसऱ्या बाजूस ओढली तर ती अडखळत जाई. आम्हीं मनाची समजूत घातली कीं, नव्या व्यवस्थेचें वळणच असें असेल. शाळेंतील चाळीस वर्षांत आम्हीं मुलांचें गिचमिड अक्षर पुष्कळ वाचलें. त्यांत हें कांहीं मोठें नव्हतें.

पण आमच्या वहिनींनीं माजघरांत येणेंच सोडलें. त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फाल्गुनांत झाली होती. तेव्हांपासून दुपारीं चहा झाला कीं मोठ्या पडद्यावर पोथी वाचणें हा त्यांचा नेम. कागदावरची पोथी मोठी करतां येत नाहीं, पडद्यावरची येते; ह्या एका गोष्टीसाठीं त्यांनीं संगणकाशीं जन्माचें वैर सोडलें होतें. तो नेम मोडला. विचारलें तर म्हणत, “आतां जपच बरा.” पांचव्या दिवशीं सूनबाईंनीं पाहिलें, वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभ्या राहून एकदां एक डोळा झांकतात, एकदां दुसरा. मग कपाटांतून औषधाची जुनी कुपी काढूं लागल्या. सूनबाईंनीं आम्हांस हांक मारली.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, डोळा पुन्हां गेला वाटतें. शिरोरेघ सारवल्यासारखी दिसते, अनुस्वार तर दिसतच नाहींत. मुलाला कळवूं नका. आतांच एवढा खर्च झाला आहे त्याचा.”

सूनबाई आमच्यापेक्षां शहाण्या. त्यांनीं भिंतीवरचें कॅलेंडर काढून वहिनींच्या हातांत दिलें आणि तिथीखालचें बारीक अक्षर वाचावयास सांगितलें. वहिनींनीं नक्षत्रासकट वाचून दाखविलें. तेव्हां आमच्या डोक्यांत उजेड पडला कीं, मोतीबिंदु वहिनींच्या डोळ्यांत नसून पडद्याच्या डोळ्यांत आहे. आणि ज्याला आम्ही वळण म्हणत होतों त्यानें एका बाईस पांच दिवस मनांतल्या मनांत आंधळें करून ठेवलें होतें.

असें कां दिसतें तें थोडक्यांत सांगतों. आमचा पडदा आडवे १९२० व उभे १०८० अशा बिंदूंचा आहे. एकूण २०,७३,६०० बिंदु झाले. हे बिंदु कांचेंत कायमचे बसविलेले असतात, कमीजास्त होत नाहींत. कार्डाकडून मात्र त्या दिवसांत १०२४ गुणिले ७६८, म्हणजे ७,८६,४३२ बिंदूंचेंच चित्र येत होतें. तेवढ्या पिठाची एवढी मोठी पोळी लाटावयाची, तेव्हां चित्रांतला एक बिंदु आडवा १.८७५ आणि उभा सुमारें १.४ बिंदूंवर पसरावा लागतो. पाऊण बिंदु पेटवितां येत नाहीं. म्हणून पडदा कडेच्या बिंदूंना अर्धवट रंग देऊन वेळ मारून नेतो. अक्षर फुगतें, कड पुसट होते, आणि शिरोरेघेवरचा एवढासा अनुस्वार तीत विरघळून जातो. आम्ही अनुस्वाराचे अभिमानी. हा अपमान तरी आमच्या लक्षांत यावयास हवा होता. जुन्या काळच्या खोक्यासारख्या, कांचेच्या नळीच्या पडद्यांत असे ठराविक घरांत बसविलेले बिंदु नसत, म्हणून हा दोष इतका डोळ्यांत भरत नसे.

मग आम्हीं वही काढली. शाळेपासूनची संवय अशी कीं, काय केलें तें तारीखवार लिहावयाचें. निदानाला आरंभ पडद्यापासून केला. पडद्याच्या कडेचें बटण दाबलें कीं त्याची स्वतःची एक छोटी यादी उमटते. ती अक्षरें रेखीव होतीं. अर्थात् पडदा निरोगी. संगणक सुरू होतांना, लिनक्स जागें होण्यापूर्वीं, जें पहिलें चित्र येतें त्यांत रंगीत पट्टे किंवा ठिपके दिसले तर दोष कार्डाचा, तारेचा वा पडद्याचा असतो, आणि मग कितीही आज्ञा टंकल्या तरी गुण येत नाहीं. आमच्या येथें तसें कांहीं नव्हतें. नंतर तार पाहिली. निळ्या तोंडाच्या जुन्या तारेंत पंधरा सुया असतात. त्यांपैकीं बाराव्या व पंधराव्या सुईंतून पडदा आपली ओळख, म्हणजे ‘मी इतक्या बिंदूंचा’ ही माहिती, कार्डास कळवितो. त्या सुया वांकल्या किंवा तुटल्या असल्या तर कार्ड बिचारें अंदाजानें लहान चित्र पाठवितें. पुष्कळ घरांत दुखणें एवढेंच असतें. आम्हीं ती तार काढून एचडीएमआयची लावली. फरक पडला नाहीं. वहींत लिहिलें.

शनिवारीं रात्रीं पुतण्या आला. आईची हकीगत ऐकून तो कांहीं बोलला नाहीं. तडक संगणकापुढें बसला. त्यानें एल, एस, पी, सी, आय हीं अक्षरें, मग जागा सोडून एक आडवी रेघ आणि के, अशी आज्ञा दिली. ह्या आज्ञेनें संगणकांत जोडलेल्या प्रत्येक अवयवाचें नांव आणि त्याखालीं त्याचा ड्रायव्हर कोण तें समजतें. ड्रायव्हरला आम्ही सारथि म्हणूं. आमच्या कार्डाखालीं ‘उपलब्ध सारथि: रेडिऑन’ अशा अर्थाची ओळ होती, पण ‘सध्यां कामावर असलेला सारथि’ ही जी दुसरी ओळ हवी, तीच नव्हती. सारथि घरांत हजर, पण रथावर बसलेला नाहीं!

तो कां बसला नाहीं, तें पहिल्या रात्रीच्या रोजनिशींत सांपडलें. लिनक्सचा गाभा आपली रोजनिशी लिहीत असतो, आणि ती आमच्या वहीपेक्षां पुष्कळ नेटकी असते. तींत स्पष्ट नोंद होती कीं, ह्या कार्डाचा पडदा जुळविण्यास फर्मवेअर लागतें, आणि तें मिळालें नाहीं. फर्मवेअर म्हणजे काय? कार्डाच्या पोटांत लहान लहान गणकयंत्रें असतात. त्यांनीं कसें वागावें ही पोथी कार्डांत साठविलेली नसते. दर वेळीं संगणक सुरू होतांना सारथ्यानें ती वाचून दाखवावी लागते. सारथ्याचें सर्व लिखाण कोणासही पाहतां येतें. पोथी मात्र कार्ड करणारे तयार अंकांत देतात, तिचा मूळ अर्थ खुला नसतो. डेबियनच्या मंडळींनीं सन १९९७ मध्यें स्वतःस एक सामाजिक करार घालून घेतला, त्या अन्वयें अशी न उलगडणारी वस्तु मुख्य भांडारांत ठेवावयाची नाहीं. ती निराळ्या कोठींत. हवी त्यानें मागून घ्यावी. आमच्याकडे गुरुजी आले होते, पोथी घरीं राहिली होती, म्हणून पहिल्या रात्रीं अंधार. तत्त्वासाठीं गैरसोय सोसणारीं माणसें आम्हांस आवडतात. त्या आठवड्यांत किंचित् कमी आवडलीं.

रविवारीं सकाळीं पुतण्यानें ती कोठी उघडण्याची परवानगी नोंदविली, ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ नांवाचें बाड उतरवून घेतलें, संगणक पुन्हां सुरू केला. सारें घर मागें उभें. वहिनी दारांत.

तींच फुगलेलीं अक्षरें.

सर्वांचीं तोंडें उतरलीं. ज्यांस ह्या विद्येंतलें कळतें असे एक गृहस्थ जवळच राहतात, ते येऊन पाहून गेले व म्हणाले, “मास्तर, कार्ड संपलें. अकरा-बारा वर्षें झालीं, अजून किती दिवस चालवणार?” पुतण्या नव्या कार्डाच्या किंमती पाहूं लागला. वहिनी दारांतूनच म्हणाल्या, “माझ्यासाठीं नको हो,” आणि आंत गेल्या.

रात्रीं आम्ही एकटेच वही घेऊन बसलों. पहिल्या रात्रीची नोंद वाचली: ‘ग्रबमध्यें नोमोडसेट कायम केलें.’ खालीं आमच्याच अक्षरांत, ‘काढावयाचें कीं कसें, विचारणें.’ विचारलें कोणीच नव्हतें. पुतण्यास उठविलें. संगणक सुरू होतांना गाभ्याच्या कानांत कोणते शब्द सांगितले जातात हें ‘प्रॉक’ ह्या कप्प्यांतील ‘सीएमडीलाइन’ नांवाच्या नोंदींत पाहतां येतें. पाहिलें. ओळीच्या शेवटीं तो शब्द ठाण मांडून बसलेला.

पूर्वीं पडदा जुळविण्याचें काम लिनक्सचा गाभा करीत नसे, वरचा चित्रकार करी. सन २००९ पासून हें काम हळूहळू गाभ्याकडे व त्याच्या सारथ्यांकडे आलें. ‘नोमोडसेट’ म्हणजे गाभ्यास मनाई: पडद्याला हात लावूं नको, सुरू होतांना मिळाला तसाच राहूं दे. रेडिऑनच्या सारथ्यास दुसरी रीतच ठाऊक नाहीं. ही मनाई ऐकतांच तो रथावर चढतच नाहीं. म्हणून पोथी आणली तरी उपयोग नव्हता. आम्हीं सारथ्याचे हात बांधले, मग त्याच्यापुढें पोथी ठेवली, आणि रथ हालेना म्हणून घोडा म्हातारा ठरविला.

आयुर्वेदांत निदानपंचक सांगितलें आहे. त्यांत चौथा उपशय. रोग ओळखूं येईना तर थोडें औषध देऊन पाहावें. मानवलें तर त्यावरून रोगाची जात कळते. ‘नोमोडसेट’ हा उपशय होता. त्यानें चित्र आलें तेव्हां एवढेंच सिद्ध झालें कीं पडदा, तार व कार्ड जिवंत आहेत, घोटाळा सारथ्याकडे आहे. तेथून पुढें चिकित्सेस आरंभ व्हावयाचा. आम्हीं उपशयालाच चिकित्सा मानलें आणि तेंच औषध रोज दोन वेळां चालूं ठेवलें. संस्कृत शिकलेल्या माणसाकडून हें व्हावें!

पुतण्यानें तो शब्द खोडला. संगणक पुन्हां सुरू केला आणि, वाचकहो, तरीही कांहीं फरक नाहीं. त्या क्षणीं आम्हीही कार्डाची आशा सोडली होती. पण मुलगा एकदम हसला. “काका, हा नुसता कच्चा खर्डा. पक्की प्रत काढावयाची राहिली.” ग्रबच्या ज्या कागदावर आपण खाडाखोड करतों तो केवळ खर्डा असतो, ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिल्यावर त्याची पक्की प्रत तयार होते, आणि संगणक वाचतो ती पक्की प्रत. आज्ञा दिली. रात्रींचे साडेअकरा वाजले होते. पडदा एकदां काळा झाला, आमच्या छातींत धस्स झालें, आणि मग घांसून पुसून ठेवलेल्या समईसारखा तो उजळला. के अक्षराच्या त्याच आज्ञेनें विचारलें, तर कामावरचा सारथि रेडिऑन.

सकाळीं वहिनींस आणून बसविलें. त्यांनीं अर्धें पान वाचलें, थांबल्या, आणि म्हणाल्या, “ह्यावर टिंब आहे, भावजी.” पुतण्या पाणी पिण्याच्या निमित्तानें आंत गेला.

आतां भगिनींस. आपल्या घरीं कोणती आवृत्ति घातली तें पत्रांत नाहीं. डेबियनच्या सभासदांनीं सन २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मत घेऊन फर्मवेअर प्रतिष्ठापनेच्या सामानांतच देण्याचें ठरविलें, व जून २०२३ मधल्या १२ व्या आवृत्तीपासून तसें मिळतें. म्हणून हल्लींच्या आवृत्तींत पोथी विसरण्याचा प्रश्न बहुधा येत नाहीं. पण अडचणीच्या रात्रीं कोणी सुचविलेला तो एक शब्द राहून गेलेला असूं शकतो. मुलास प्रथम तोच पाहावयास सांगावें. कार्ड रेडिऑन असेल तर चिंता थोडी. त्या कंपनीनें सन २००७ पासून आपल्या कार्डांचें ज्ञान बाहेरच्या लेखकांस खुलें केलें. तिचा स्वतःचा सारथि ह्या पिढीच्या कार्डांसाठीं सन २०१५ मध्यें निवृत्त झाला, तरी खुला सारथि गाभ्यांत आहेच. कार्ड एनव्हिडियाचें व २००६ ते २०१० च्या सुमाराचें असेल तर कंपनीचा त्यासाठींचा शेवटचा सारथि डिसेंबर २०१९ मधला आहे. तो नव्या गाभ्याशीं जमवून घेत नाहीं, म्हणून तो घालण्याच्या खटाटोपांत सहसा पडूं नये. त्याऐवजीं नुव्हो नांवाचा सारथि गाभ्यांत सन २०१० पासून आहे, त्यावर भागवावें. नुव्हो ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘नवा’. आणि त्याचें काम जुन्या कार्डांस संभाळणें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, वहींत लिहावी. दोन एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

आमचें कार्ड अद्याप चालूं आहे. वहिनींचा डोळा आम्हीं ठरल्या दिवशीं वैद्यांस दाखविला. तो उत्तम होता. डावा मात्र दिवाळीनंतर करावा लागेल असें ते म्हणाले. वहिनी एका अटीवर कबूल झाल्या कीं, डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत संगणकांत कोणीं कांहीं नवें घालावयाचें नाहीं, आणि भावजींनीं तर मुळींच नाहीं.